कर्णनाद, श्रवणऱ्हास आणि यंत्राच्या साहाय्याने ऐकणे

बाहेर कोणताही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात सतत अथवा अधूनमधून जो आवाज ऐकू येतो त्यास कर्णनाद म्हणतात. कोणाला तो बारीक शिट्टीसारखा, कोणाला रातकिड्यांच्या किर्र आवाजासारखा, तर कोणाला दूरवर चाललेल्या गिरणीच्या घरघरीसारखा भासतो. ही तक्रार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले आहेत, त्यांत भेरी, मृदंग, शंख अशा वाद्यांचे नाद कानात ऐकू येण्याच्या विकाराला बाधिर्याबरोबरच स्थान दिलेले आहे. बेथोव्हेनने 1801 मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस गुणगुणत असल्याची व्यथा मांडली होती, आणि बेडरिक स्मेताना या चेक संगीतकाराने दोन्ही कानांची श्रवणशक्ती गेल्यानंतर, 1876 मध्ये रचलेल्या चतुर्वाद्य-रचनेच्या अखेरच्या भागात व्हायोलिनचा एक दीर्घ, तीव्र तारस्वर योजून स्वतःच्या कानातील तो नादच श्रोत्यांपुढे ठेवला होता. एवढा दीर्घ इतिहास असूनही सर्वसाधारण समजुतीत कर्णनाद आणि कमी ऐकू येणे हे दोन निराळे विकार राहिले आहेत: पहिल्यासाठी गोळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्यासाठी, अगदीच नाइलाज झाला तर, ‘कानाचे मशीन’ लावायचे. प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे असे की बहुसंख्य व्यक्तींच्या बाबतीत या दोहोंचे मूळ एकच असते, योग्य रीतीने बसवलेले श्रवणयंत्र हा त्या दोहोंवरील पहिला उपाय ठरतो, आणि ‘आता याची सवय करून घ्या’ एवढेच सांगून रुग्णाला घरी पाठवणे ही अर्धवट चिकित्सा आहे.

हे समजण्यासाठी आंतरकर्णाची रचना थोडी पाहावी लागते. ध्वनिलहरी कर्णपटलावर आदळतात, मध्यकर्णातील तीन चिमुकल्या हाडांमार्फत पुढे सरकतात आणि कर्णशंखात, म्हणजे सुमारे अडीच वेटोळ्यांच्या, द्रवाने भरलेल्या नळीत पोहोचतात. या नळीतील पातळ पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. आतील रांगेतील सुमारे 3,500 पेशी ध्वनीची वार्ता श्रवणतंत्रिकेमार्फत मेंदूकडे धाडतात, तर बाहेरच्या रांगांतील सुमारे 12,000 पेशी स्वतः आकुंचन-प्रसरण पावून मंद ध्वनीला बळ देतात आणि जवळजवळच्या दोन स्वरांतील भेद स्पष्ट करतात. कर्णशंखाच्या पायथ्याशी उच्च वारंवारतेचे, म्हणजे बारीक व तीक्ष्ण, ध्वनी ग्रहण केले जातात आणि टोकाशी खर्जातले. पडद्यावरून धावणाऱ्या या लाटेच्या संशोधनासाठी गेओर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, मनुष्यात त्या उगवत नाहीत. वय, गोंगाट, काही औषधे किंवा आनुवंशिक कारणांमुळे जी पेशी गेली ती कायमची गेली, आणि वाढत्या वयाच्या तसेच गोंगाटाने झालेल्या श्रवणऱ्हासात प्रथम पायथ्याकडच्या, बारीक ध्वनी टिपणाऱ्या पेशी जातात.

कानाकडून येणारी वार्ता अशी क्षीण झाली म्हणजे मेंदूतील श्रवणकेंद्रे स्वस्थ बसत नाहीत. अपेक्षित संकेत मिळत नाही म्हणून ती आपली संवेदनशीलता वाढवतात, आणि या वाढीव संवेदनशीलतेत मज्जापेशींची एरवी दुर्लक्षिली जाणारी स्वाभाविक हालचालही ध्वनी म्हणून जाणवू लागते, असे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. कर्णनादाचा स्वर बहुधा त्याच पट्ट्यात सापडतो ज्या पट्ट्यात ऐकणे कमी झालेले असते, ही गोष्ट या स्पष्टीकरणाला पुष्टी देते. शस्त्रक्रियेत श्रवणतंत्रिका कापली गेल्यानंतरही अनेकांचा कर्णनाद थांबत नाही, ही त्याहून मोठी पुष्टी आहे, कारण तंत्रिकाच उरली नसताना ऐकू येणारा नाद कानात निर्माण होत असणे शक्य नाही. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी उत्तम श्रवणशक्तीच्या 80 व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांपैकी 94 टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता आवाज ऐकू आला. निरव शांततेत निरोगी मेंदूसुद्धा नाद निर्माण करतो, हा या प्रयोगाचा अर्थ कर्णनादाने त्रस्त झालेल्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगितला गेला पाहिजे, कारण वेड लागत असल्याची किंवा मेंदूत काही भयंकर घडत असल्याची भीती त्या नादापेक्षा अधिक छळते.

अर्थात कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला कर्णनाद होतो असे नाही, आणि कर्णनाद असलेला प्रत्येक जण त्याने हैराण होतो असेही नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढांपैकी सुमारे 14 टक्क्यांना कर्णनादाचा अनुभव येतो, परंतु तीव्र स्वरूपाचा त्रास सुमारे 2 टक्क्यांनाच होतो. उपकरणांनी मोजले असता या नादाची तीव्रता बहुतेकदा श्रवणमर्यादेच्या काही डेसिबलच वर निघते, आणि त्या मोजमापाचा रुग्णाच्या हालअपेष्टांशी फारसा मेळ बसत नाही. त्रास किती व्हावा हे ठरते ते मेंदू त्या नादाला कोणता अर्थ देतो यावरून. धोक्याची सूचना म्हणून त्याची नोंद झाली की भीती व अस्वस्थतेशी निगडित केंद्रे जागी होतात, लक्ष पुन्हापुन्हा तिकडेच ओढले जाते, झोप उडते, आणि झोप उडाल्याने नाद आणखी ठळक होतो. यास्ट्रेबॉफ या कर्णनाद-संशोधकाने 1990 मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचे सार हेच आहे, आणि नंतरच्या बहुतेक उपचारपद्धतींनी ते आधारभूत मानले आहे.

गोंगाटाने कान जातात हे ज्ञान नवे नाही. व्यवसायजन्य रोगांचा पहिला मोठा अभ्यासक बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिले की दिवसभर तांबे ठोकून ठोकून त्यांचे कान अधू होतात आणि म्हातारपणी ते पूर्ण बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीला हे वर्णन तंतोतंत लागू पडावे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या खोल्यांत दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊनच बोलावे लागते, आणि तिथे आयुष्य काढलेल्या विणकराचे ‘कान वाजणे’ हे त्याच्या व्यवसायाचा भागच समजले जाते. भारतीय कायद्याने आठ तासांच्या पाळीसाठी 90 डेसिबल ही मर्यादा घातली आहे, गोंगाटजन्य श्रवणऱ्हास कायद्याच्या सूचनीय रोगांत आहे आणि कामगार नुकसानभरपाईच्या अनुसूचीतही आहे. परंतु घरालगतच्या छपराखाली चालणाऱ्या मागापर्यंत या कायद्यांचा हात क्वचितच पोहोचतो. उत्सवांतील ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि ढोलताशा पथकांचा सराव यांतही कानात बोळे घालणारा वादक अपवादानेच दिसतो, आणि विशी-पंचविशीतील हे वादक पुढे चाळिशीत कर्णनादाची तक्रार घेऊन येतात तेव्हा दोन गोष्टींचा संबंध जोडणारे कोणी नसते.

श्रवणऱ्हासाचे मोजमाप डेसिबलमध्ये होते. श्रवणतज्ज्ञ, ज्यांना बोलीत ऑडिओलॉजिस्ट म्हणतात, ध्वनिरोधक कक्षात 250 ते 8,000 हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर ऐकवून प्रत्येक वारंवारतेला किमान किती तीव्रतेचा आवाज ऐकू येतो ते आलेखावर मांडतात, हाच ऑडिओग्राम. वार्धक्यजन्य आलेखाची रेषा डावीकडे, खर्जाकडे, जवळजवळ सामान्य असते आणि उजवीकडे खाली घसरत जाते. या घसरणीचा मराठी ऐकणाऱ्यावर नेमका काय परिणाम होतो, याचा विचार फारच थोडा झालेला आहे. स्वरांची बहुतांश ऊर्जा खर्जाकडे असते, त्यामुळे ‘आवाज येतो’. व्यंजने मात्र, विशेषतः स, श, क, त, प, फ ही अघोष व्यंजने, क्षीण व उच्च वारंवारतेची असतात, त्यामुळे ‘शब्द कळत नाही’. ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य त्या आलेखाचे अचूक वर्णन आहे. पळ आणि फळ, ताट आणि थाट, पान आणि कान यांतील भेद पुसट होतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील दोन भिन्न च एकसारखे वाटू लागतात. सात, आठ, साठ या संख्या एकमेकींत मिसळतात, आणि औषधाच्या गोळ्या, गाडीची वेळ, भाजीचा भाव अशा ठिकाणी ही चूक महागात पडते. मराठीत क्रियापदाच्या शेवटचा एक स कर्ता बदलतो: ‘येतोस?’ असा प्रश्न विचारला असता ज्याला अखेरचा स ऐकूच येत नाही त्याला ‘येतो’ एवढेच ऐकू येते, तो ‘बरं, ये’ म्हणून निरोप देतो, आणि विचारणारा गोंधळून किंवा रागावून निघून जातो.

कुटुंबातील पुष्कळ कटुता या एका स मधून उगवते. ‘हवं तेवढं बरोबर ऐकू येतं’ हा आरोप वृद्धांवर सर्रास केला जातो, आणि तो जवळजवळ नेहमीच अन्यायाचा असतो. शांत खोलीत, समोरासमोर, ओळखीच्या विषयावरचे बोलणे समजते. तेच बोलणे पंखा, कुकरची शिट्टी आणि दूरचित्रवाणी यांच्या गलक्यात, पाठमोऱ्या माणसाने केलेले असेल तर समजत नाही. हा फरक इच्छेचा नसून परिस्थितीचा असतो. याउलट ‘जरा मोठ्याने बोल’ आणि लगेच ‘ओरडतोस कशाला’ अशी परस्परविरोधी वाटणारी मागणी हाही स्वभावदोष नव्हे. बाहेरच्या केशपेशी नष्ट झाल्या की मंद आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक, मोठा वाटतो, आणि या दोहोंमधील सुसह्य पट्टा अरुंद होऊन बसतो. त्या अरुंद पट्ट्यात दिवसभर शब्दांची जुळवाजुळव करणारा माणूस संध्याकाळपर्यंत खरोखर थकतो, मग समारंभ टाळतो, आणि एकटेपणाच्या शांततेत त्याचा कर्णनाद वाढतो.

आधुनिक श्रवणयंत्राचे काम या अरुंद पट्ट्याला अनुसरून चालते. साधा ध्वनिवर्धक सगळेच आवाज सारखे वाढवतो. 1990 च्या दशकात आलेली अंकीय यंत्रे मात्र ध्वनीचे अनेक पट्टे पाडून मंद आवाज अधिक, मध्यम आवाज थोडा आणि मोठा आवाज नाममात्र वाढवतात. कोणत्या पट्ट्यात किती वाढ द्यायची हे ऑडिओग्रामवरून संगणकात ठरवले जाते, आणि प्रत्यक्षात कर्णपटलापाशी तेवढी वाढ पोहोचते का हे कानात बारीक नळी सोडून मोजता येते. दुर्दैवाने ही मोजणी अनेक दुकानांत केलीच जात नाही, आणि चांगले यंत्र वाईट रीतीने बसवले गेल्यामुळे कपाटात जाऊन पडते. यंत्राची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असते, पण महाग यंत्र चुकीच्या मांडणीने लावण्यापेक्षा मध्यम किमतीचे यंत्र नीट मोजून लावणे अधिक फलदायी ठरते, आणि खरेदी करणाऱ्याने यंत्रापूर्वी श्रवणतज्ज्ञ निवडावा.

पहिले काही आठवडे कठीण असतात, हे आधीच सांगितले गेले तर यंत्र टाकून देण्याचे प्रमाण निश्चित घटेल. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज एकदम परत येतात: भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची सळसळ, नळाची धार, स्वतःच्या चपलांचा आवाज. स्वतःचे बोलणे मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखे घुमते, कारण कान बंद झाल्याने हाडांतून येणारा खर्ज आत कोंडतो. खर्जातले ऐकणे चांगले असलेल्यांना भोके असलेली मऊ टोपी किंवा हवा खेळती ठेवणारा साचा दिल्यास हा त्रास कमी होतो, आणि कर्णनादाच्या दृष्टीनेही कान उघडा राहणे हिताचे असते, कारण पूर्ण बुजवलेल्या कानात आतला नाद अधिक उमटतो. यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा साचा सैल झालेला असतो किंवा कानात मळ साचलेला असतो. मेंदूला या नव्या ध्वनींची पुन्हा ओळख पटायला काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून यंत्र फक्त लग्नसमारंभाला लावणाऱ्यास त्याचा लाभ होत नाही. ते घरातील साध्या दिवशी, जागेपणाचे बहुतेक तास लावावे लागते. केशपेशींची मूळ सूक्ष्मता मात्र कोणतेही यंत्र परत देत नाही, आणि गर्दीच्या हॉटेलात दोन मीटरपलीकडचे बोलणे उत्तम यंत्रालाही जड जाते, हे सत्य जाहिरातींत सांगितले जात नाही. देखभालीच्या बाबी किरकोळ वाटल्या तरी निर्णायक असतात. कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणाने यंत्रे बिघडतात, म्हणून रात्री ती सिलिका जेलच्या डबीत ठेवावीत. झिंक-एअर सेलवरील चिकटपट्टी काढताच हवेने तो सुरू होतो व पट्टी पुन्हा लावून थांबत नाही. आणि हे बटणाएवढे सेल लहान मुलांच्या हाती कदापि लागू नयेत, कारण गिळल्यास अन्ननलिका जळते.

कर्णनादावर श्रवणयंत्र दोन मार्गांनी काम करते. बाहेरच्या ध्वनींची वार्ता मेंदूकडे पुन्हा पोहोचू लागल्याने वाढवून ठेवलेली संवेदनशीलता खाली येण्याची शक्यता निर्माण होते, आणि त्याहून तत्काळ परिणाम असा की भोवतालच्या आवाजांच्या पार्श्वभूमीवर आतला नाद भर दुपारी लावलेल्या पणतीसारखा फिका पडतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची 2014 ची आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे श्रवणऱ्हास व कर्णनाद दोन्ही असलेल्यांसाठी श्रवणयंत्राची शिफारस करतात. ऐकणे पूर्ण सामान्य असलेल्यांना केवळ कर्णनादासाठी यंत्र देऊ नये, असेही ‘नाइस’ सांगते. काही यंत्रांत मंद खळखळाटासारखा ध्वनी निर्माण करण्याची सोय असते, आणि तो कर्णनादाला बुडवणारा नसावा, त्याच्यात मिसळणारा असावा, कारण जो नाद ऐकूच येत नाही त्याची मेंदूला सवय होऊ शकत नाही.

खरी परीक्षा रात्री असते. यंत्रे काढून ठेवली, दिवा मालवला, की दिवसभर फिका पडलेला नाद एकदम पुढे येतो, आणि नेमक्या याच वेळी रुग्ण शांतता शोधतो. खिडक्या बंद करतो, कानात बोळे घालतो. ही स्वाभाविक धडपड त्याच्या विरुद्ध जाते. छताचा पंखा, अगदी बारीक आवाजात लावलेला पावसाचा किंवा तानपुऱ्याचा ध्वनी, उशीजवळचा छोटा रेडिओ अशा साध्या गोष्टी अंधारातील एकाकी नादाला सोबत देतात. कानात बोळे गोंगाटात घालावेत, शांततेत नव्हे.

औषधांबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कर्णनाद घालवणारी सिद्ध झालेली गोळी आज उपलब्ध नाही. बीटाहिस्टीन कर्णनादासाठी देऊ नये असे ‘नाइस’ने, आणि जिंको, मेलाटोनिन व जस्ताच्या पूरक गोळ्यांची शिफारस करू नये असे अमेरिकन तत्त्वांनी सांगितले असूनही या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे चालू राहतात. ज्या उपचाराने त्रास कमी होतो असा चांगला पुरावा आहे तो म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, ज्यात प्रशिक्षित समुपदेशक नादाविषयीचे भयप्रद विचार तपासायला आणि टाळलेली कामे पुन्हा हाती घ्यायला शिकवतो. त्याने नादाची तीव्रता बदलत नाही, छळ कमी होतो. काही लक्षणांत मात्र दिरंगाई चालत नाही. एका कानाने अचानक, एका-दोन दिवसांत, ऐकू येईनासे झाले तर मळ असेल किंवा सर्दी असेल असे मानून थांबू नये, कारण स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतो. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा नाद आणि केवळ एकाच कानातला सततचा नाद यांचीही तज्ज्ञाकडून तपासणी झालीच पाहिजे. स्मृतिभ्रंशाची भीती घालून यंत्रे विकण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. श्रवणऱ्हास हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक मानला जातो हे खरे, परंतु 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत यंत्रांचा बौद्धिक ऱ्हासावरील लाभ सर्वांत मिळून दिसला नाही, तो अधिक जोखीम असलेल्या गटातच दिसला. माणसांशी बोलता यावे हे कारण यंत्र लावण्यास पुरेसे आहे.

कायद्याची चौकट या माणसांना फारशी ओळखत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती कमी ऐकणारी आणि 70 डेसिबलची व्यक्ती बहिरी ठरते. 45 डेसिबलचा ऱ्हास असलेला निवृत्त शिक्षक, ज्याला सभेतील अर्धे बोलणे समजत नाही, या व्याख्येबाहेर राहतो, आणि कर्णनादाचा तर अधिनियमाच्या अनुसूचीत उल्लेखही नाही. अल्प उत्पन्नाच्या दिव्यांगांना यंत्रे देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून चालू आहे, मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून आणि म्हैसूरची वाक्‌-श्रवण संस्था 1965 पासून कार्यरत आहे, आणि तिथली तपासणी विश्वासार्ह असते. परंतु शिबिरात यंत्र वाटून मोकळे होणे आणि त्या व्यक्तीला पुढील सहा महिन्यांत तीन-चार वेळा बोलावून यंत्राची मांडणी सुधारणे यांत मोठे अंतर आहे, आणि पैसा पहिल्यावर खर्च होतो.

महाराष्ट्राने 1875 पासून, न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाल्यापासून, ऐकण्याला सार्वजनिक जीवनात मोठे स्थान दिले आहे, आणि आज या व्याख्यानमालांच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांत बहुसंख्य साठीच्या पुढचे असतात. सभागृहाच्या जमिनीलगत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे घालून ते ध्वनिवर्धकाला जोडले तर वक्त्याचा आवाज चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने थेट श्रवणयंत्रातील टेलिकॉइल या सूक्ष्म गुंडाळीपर्यंत पोहोचतो, मधले अंतर, प्रतिध्वनी आणि खोकल्याचे आवाज गळून पडतात. युरोपातील अनेक नाट्यगृहांत, प्रार्थनास्थळांत व तिकीटखिडक्यांवर ही सोय दशकांपासून आहे, आणि तिचा खर्च एखाद्या सभागृहाच्या नव्या पडद्यांहून फार मोठा नसतो. व्याख्यानमालांच्या कार्यवाहांनी, ग्रंथालयांच्या विश्वस्तांनी आणि नाट्यगृहे चालवणाऱ्या महानगरपालिकांनी ही तार घालून घ्यावी, वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड ठेवावा आणि व्याख्यानाची छापील प्रत दाराशी द्यावी. आणि यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या श्रवणतज्ज्ञाला एवढे विचारावे की त्याच्या यंत्रात टेलिकॉइल आहे का, आणि असल्यास ती चालू करून दिली आहे का.